टीव्ही गेमचा बेंजो

1 मे 1999, हिंगोली

दुपारचे तीन वाजलेत. आजचं वय बाजूला ठेवा. इथं तुम्ही चौदा वर्षांचे आहात आणि शाळेला सुट्ट्या लागल्यात. आजच परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झालाय. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, आता उन्हानं रस्ते रिकामे केलेत. तुमच्या हातातल्या पिशवीत टीव्ही गेम आहे, दोन रिमोट आहेत आणि एक पिवळी कॅसेट. मारिओ दिसतो, पळतो, उड्या मारतो. पण टीव्हीतून ऐकू येते ती नुसती गुणगुण.

गांधी चौकाजवळच्या गल्लीतलं दुरुस्तीचं दुकान जेमतेम दोन माणसं मावतील एवढं आहे. भिंतीवर पाठ उघडलेले रेडिओ, खाली खोकी काढलेले टीव्ही, हवेत तापलेल्या राळेचा वास. काका मान वर न करता विचारतात.

"काय झालं?"

"चित्र येतंय काका, आवाज येईना."

"एकदम गेला का बारीक होत होत गेला?"

"बारीक होत गेला. मग गुणगुण वाढली."

"मग आयसी चांगली हाय, भिऊ नको. काय बघायलास तिकडं? ही बॅटरी धर अन् इथं उजेड पाड."

तुम्ही बॅटरी धरता. मागचे स्क्रू निघतात आणि टीव्ही गेम तुमच्यासमोर पहिल्यांदा उघडा पडतो. काका वीज ज्या वाटेनं आत येते त्या वाटेनं बोट नेतात. अ‍ॅडॉप्टरमधून नऊ व्होल्ट येतात, मोठ्या कंडेन्सरमध्ये ते स्थिरावतात, 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्यांचे पाच व्होल्ट करतो आणि ते पाच व्होल्ट आयसीला मिळतात. घरातली वीज सेकंदाला 50 फेरे मारते. अ‍ॅडॉप्टरच्या चार डायोडांतून गेल्यावर तिच्या सेकंदाला 100 लाटा होतात. त्या लाटा सपाट करणं हे मोठ्या कंडेन्सरचं काम. इथं त्याचं डोकं फुगलंय, म्हणून लाटा तशाच पुढे जातात आणि त्याच तुम्हाला गुणगुण म्हणून ऐकू येतात. आवाजाच्या वाटेवरचा दुसरा, बारका कंडेन्सर आतून सुकलाय, म्हणून आवाज बारीक झाला. म्हणजे आजार दोन आणि औषधं दोन. दोन्ही कंडेन्सर मिळून काही रुपयांचे.

जुने निघतात, नवे बसतात, कथील चमकतं. काका बोर्डावरच्या 40 पायांच्या लांब आयसीवर बॅटरीचा उजेड पाडायला लावतात. तिच्यावर यूएमसी ही अक्षरं आणि 6527 हा आकडा आहे. मग ड्रॉवरमधून ते ट्रान्झिस्टरएवढी एक तीन पायांची आयसी काढतात: यूएम66. दाराच्या बेलमध्ये, वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डात, मोटारीच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये वाजते ती हीच. दोन सेल लावले की धून सुरू. तैवानच्या यूएमसी कंपनीनंच हीही बनवली. तुमच्या घरची बेल आणि तुमचा टीव्ही गेम एकाच घरातले निघाले.

गेम दुरुस्त झाला, पण काका तो टीव्हीला जोडत नाहीत. आवाजाची वायर ते टेपरेकॉर्डरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावतात. खाली मोठा लाकडी स्पीकर आहे. कॅसेट बसते, बटण दाबलं जातं आणि छातीत बसेल असा खर्ज दुकानात घुमतो. हा खर्ज गेममध्ये पहिल्यापासून होता. टीव्हीच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो कधी बाहेरच पडला नव्हता. समोर चित्र नाही, मारिओ नाही. समोर एक वाद्य आहे, आणि ते आजवर तुमच्या घरात खेळणं म्हणून पडून होतं.

त्या 40 पायांच्या आयसीकडे नीट बघा. तिच्यामागोमाग आता जुन्या काळात जायचंय.

15 जुलै 1983, जपान

लाल-पांढऱ्या रंगाचा डबा आज दुकानात आलाय. नाव फॅमिकॉम, किंमत 14,800 येन, कंपनी निन्टेन्डो, आराखडा मासायुकी उएमुरा यांच्या गटाचा. तुमच्या पिशवीतला टीव्ही गेम याचीच नक्कल आहे. पण ती नक्कल बनायला अजून अवकाश आहे. आत्ता तुम्ही मूळ आयसीजवळ उभे आहात. रिको कंपनीची ही आयसी हिशेबही करते आणि गातेही. तिचे पाच आवाज एकेक करून ऐका.

पहिले दोन चौकोनी लाटेचे. वीज वर जाते, थांबते, खाली येते, थांबते. लाटेचा किती भाग वर राहील, हे तुम्ही ठरवता: आठवा, चौथा, अर्धा किंवा पाऊण. आठवा भाग निवडलात तर आवाज बारीक, नाकातून येणारा, सुंदरी या वाद्याच्या जवळ जाणारा. अर्धा निवडलात तर पोकळ आणि गोल. तिसरा आवाज त्रिकोणी लाटेचा, 32 पायऱ्यांनी चढणारा-उतरणारा. त्याला लहान-मोठा करण्याची सोयच नाही. तो असतो किंवा नसतो. टेपच्या स्पीकरमध्ये घुमला तो खर्ज याचाच. चौथा नुसता खरखराट: 15 बिटांची एक साखळी फिरत राहते आणि 32,767 पायऱ्यांनंतर तोच क्रम पुन्हा येतो. ताशाची तडतड यातूनच काढतात. पाचवा आवाज बाहेरून टिपलेला नाद वाजवतो. प्रत्येक बिट एवढंच सांगतो, की आता एक पायरी वर जा किंवा एक पायरी खाली. एका नोंदीला जास्तीत जास्त 4,081 बाइट. सर्वांत वरच्या वेगानं साधारण एक सेकंद. हलगीची एक थाप त्यात मोकळी बसते.

दोन वर्षं पुढे सरका. 1985 मध्ये कोजी कोंडो याच आयसीसाठी सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत बांधतायत. साधनं इतकी कमी, की प्रत्येक सूर जागेवरच बसावा लागतो. यातून संगीतकारांनी युक्त्या काढल्या. एका चौकोनी आवाजात सा-ग-प हे तीन स्वर पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला बदलत राहायचे, म्हणजे कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात. पहिल्या आवाजातली धून दुसऱ्यात किंचित उशिरा आणि हळू वाजवायची, म्हणजे देवळाच्या सभामंडपासारखा पडसाद उमटतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हिंगोलीत तुम्ही ऐकलेला मारिओ जपानी मुलांनी ऐकलेल्या मारिओसारखा वाजत नव्हता. बऱ्याच नकली आयसींमध्ये चौकोनी लाटेचा चौथा भाग आणि अर्धा भाग यांची अदलाबदल झालेली असते. जिथं पोकळ आवाज हवा तिथं धारदार येतो आणि धारदार हवा तिथं पोकळ. शिवाय जपानी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही 50 वेळा. संगीत चित्राच्या ठेक्यावर चालत असल्यानं आपल्याकडे ते सहाव्या हिश्श्यानं संथ झालं. आपल्या पिढीच्या कानात बसलेला मारिओ संथ आहे आणि त्याचा नादही वेगळा आहे. मूळ यंत्र हाती आलं तरी तो नाद त्यातून निघणार नाही. तो फक्त या नकली डब्यांत आहे, आणि ते डबे आज भंगारात चाललेत.

आयसी सोडण्याआधी तिला आपल्या संगीताचा एक प्रश्न विचारा: तुझ्यात श्रुती बसते का? चौकोनी आवाजाची उंची ती 2,048 पायऱ्यांत मोजते. 440 हर्ट्झच्या आसपास दोन लगतच्या पायऱ्यांमध्ये सुमारे 1.7 हर्ट्झचं अंतर पडतं. 81:80 या प्रमाणाच्या श्रुतीला त्याच ठिकाणी साडेपाच हर्ट्झ लागतात. म्हणजे मध्य सप्तकात श्रुती बसते आणि मींडही घेता येते. दोन सप्तकं वर गेलात की पायऱ्या रुंद होतात आणि मींड अडखळते. गाणं मध्यात आणि मंद्रात ठेवायचं, एवढं पथ्य पाळलं तर पेटीला न जमणारी गोष्ट हा डबा करू शकतो.

1912, नागोया

आणखी मागे चला. तैशो राजवटीचं हे पहिलं वर्ष. गोरो मोरिता नावाचा कारागीर लाकडी पेटीवर तारा ताणतोय आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवतोय. एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं तार छेडायची. ज्याला पडदे दाबून बोटांना घट्टे पाडून घ्यायचे नाहीत, त्यालाही चार दिवसांत धून वाजवता यावी, हा हेतू. वाद्याचं नाव तैशोगोतो.

हे वाद्य भारतात आलं तेव्हा ते घरगुती करमणुकीचं साधन होतं. इथं त्याचं नाव बुलबुल तरंग झालं आणि मुंबईत बेंजो. मग मिस्त्री लोकांनी ते उघडलं. तारांखाली पिकअप बसवला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, जाड तारा घातल्या, लाकडी पेटी मिरवणुकीचे धक्के सोसेल अशी मजबूत केली. गिरगाव-लालबागच्या चाळींतून बेंजो पार्ट्या निघाल्या आणि कोळीगीतांपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत त्यांनी रस्ता ताब्यात घेतला. पुढे त्यांच्या शेजारी ऑक्टोपॅड आला, तोही जपानी, आणि त्याच्या रबरी चौकटींतून इथल्या ठेक्यांचे आवाज निघू लागले.

पेटीचीही हीच गोष्ट. युरोपातून आलेलं हार्मोनियम पायानं भाता मारत वाजवायचं वाद्य होतं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता दिला, मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे ते ठेवलं, आणि मग ते संगीत नाटकात शिरलं, भजनात शिरलं. नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी आज टाळ-पखवाजाबरोबर पेटी वाजते, तेव्हा ती परकी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

दोन्ही वेळा क्रम एकच दिसतो. वस्तू बाहेरून येते. कुणीतरी ती उघडतो. ती बिघडते तेव्हा दुरुस्त करतो आणि दुरुस्त करता करता आपल्या गरजेनं बदलतो. वाद्य जन्मतं ते इथं. बनवणाऱ्यानं दिलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या हातून आपली होते. टीव्ही गेम याच वाटेवर अर्ध्यात थांबलाय.

1998, हॅम्बुर्ग, 2006, न्यूयॉर्क

आता पुढे. हॅम्बुर्गच्या कला महाविद्यालयात ऑलिव्हर विटखॉव गेम बॉयची कॅसेट बनवतोय. गेम बॉय 1989 मध्ये आलेला, चार सेलवर चालणारा, खिशात मावणारा खेळ. त्यातही दोन चौकोनी आवाज आणि एक खरखराट आहे. चौथ्या आवाजाच्या लाटेचा आकार मात्र तुम्ही स्वतः काढायचा. ही ध्वनियंत्रणा हिरोकाझू तानाका यांनी घडवली, आणि पुढे ते स्वतःच अशा संगीताच्या मंचावर उतरले. विटखॉवची कॅसेट, नॅनोलूप, घातली की पडद्यावर खेळ दिसत नाही, सुरांची चौकट दिसते. थोड्याच काळात स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीनं लिटल साउंड डीजे ही दुसरी कॅसेट लिहिली. 16 पायऱ्यांची ओळ, ओळींची साखळी, साखळ्यांचं गाणं. दोन गेम बॉय वायरनं जोडले की ते एकाच लयीत चालतात.

2006. न्यूयॉर्कमध्ये पहिला ब्लिप फेस्टिव्हल भरलाय. तुम्ही गर्दीत उभे आहात. मंचावरच्या माणसाच्या हातात तळहाताएवढा राखाडी डबा आहे आणि सभागृह हलतंय. जवळ जाऊन डबा बघा. मूळचं इयरफोनचं भोक त्यानं आवाजासाठी वापरलेलं नाही. त्या वाटेवरचा आतला अ‍ॅम्प्लिफायर आवाजात खरखर मिसळतो, म्हणून व्हॉल्यूमच्या बटणापासूनच दोन वायरी काढून त्यानं बाजूला नवा जॅक बसवलाय. मागे प्रकाश देणारी पट्टी घातलीय, कारण मूळ पडदा अंधारात दिसत नाही. पडद्यावरच्या उभ्या रेषा गेल्या असतील, तर त्याखालच्या रिबनवर सोल्डरिंग गनचा अलगद शेक देऊन त्या परत आणलेल्या असतात.

हे सगळं हिंगोलीच्या दुकानातल्या टेबलावर होण्यासारखं आहे. कथील तेच, कंडेन्सर तेच, हाताचं कसब तेच. न्यूयॉर्कच्या त्या माणसाकडे एवढंच जास्त होतं, की या डब्यातून गाणं काढायचं असतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

14 सप्टेंबर 2015, औंढा नागनाथच्या वाटेवर

परत जिल्ह्यात या. नागनाथाचं हेमाडपंती देऊळ मागे टाकून दुधाळ्याच्या माळाकडे चला. इथं अजून काही बांधलेलं नाही. पण आज अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एक आवाज पकडलाय. एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्या धक्क्यानं अवकाशात गुरुत्वीय लहर उठली. तिची कंपनसंख्या सुमारे 0.2 सेकंदात 35 पासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. गोंगाटात लपलेल्या अशा चढत्या किलबिलीला ओळखायचं कसं, याचं गणित पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून मांडत आले होते. फेब्रुवारी 2016 मध्ये शोध जाहीर झाला, त्याच महिन्यात भारतातल्या अशाच वेधशाळेला तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही लायगो वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातल्या याच माळावर उभी राहायची आहे.

आता तुमच्या टीव्ही गेमचा त्रिकोणी आवाज आठवा. तो 27 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. विश्वातली ती किलबिल 35 पासून सुरू होते. पाल टीव्हीच्या 50 फ्रेमांच्या हिशेबानं 0.2 सेकंद म्हणजे दहा फ्रेम. दहा पायऱ्यांत स्वर चढवला की कृष्णविवरांची ती हाक भंगारातल्या डब्यातून वाजते. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत गुरुत्वीय लहरी शिकवायच्या असतील, तर यासारखं दुसरं साधन मला माहीत नाही. मुलांच्या कानांना ते लगेच कळेल आणि हातांना उघडून बघता येईल.

येता दसरा, रामलीला मैदान

हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरलंय, आकाशपाळणे फिरतायत, धुळीला शेंगदाणे-फुटाण्यांचा आणि डिझेलचा वास आहे. एका कोपऱ्यातल्या छोट्या मंचावर तुम्ही उभे आहात. टेबलावर दोन टीव्ही गेम, छोटा मिक्सर, मल्टिमीटर आणि जास्तीचा एक 7805. शेजारी हलगीवाला उभा आहे. त्यानं हलगी शेकून घेतलीय.

मंचावर येण्याआधी तुम्ही काय काय केलंत, ते हात आठवतात. कॅसेटच्या पिनांवर फुंकर मारली नाही, कारण तोंडातल्या ओलाव्यानं त्या काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून त्या पुसल्या. सुकलेले कंडेन्सर सगळे बदलले. वीज उलटी लागून आयसी जळू नये म्हणून वाटेत डायोड घातला, कारण प्रत्येक अ‍ॅडॉप्टरचं टोक सारखं नसतं. 40 पायांच्या आयसीच्या पहिल्या पायावर दोन्ही चौकोनी आवाज असतात. दुसऱ्या पायावर त्रिकोणी, खरखराट आणि टिपलेले नाद. दोन्ही पायांना जमिनीशी जोडणारे रेझिस्टन्स जागेवर ठेवले, प्रत्येक पायापुढे एकेक कंडेन्सर लावला आणि दोन वेगळे जॅक काढले. आता मिक्सरवर धून एका बटणावर आणि ठेका दुसऱ्या बटणावर आहे. ज्या गेममध्ये पाय असलेल्या आयसीऐवजी नुसती काळी गोळी असते, तिथं ही फोड करता येत नाही. तिथं एकच वायर निघते आणि तीही पुरते.

जनरेटरची गुणगुण नको म्हणून दोन्ही गेम 12 व्होल्टच्या बॅटरीवर आहेत. 7805 त्यामुळे जास्त तापतो, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा लावलाय. जुना टीव्ही मंचावर आहे, पण तो कुणी उघडत नाही. पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. छेडाछेडी करायची ती बॅटरीवरच्या बोर्डात.

कॅसेट तुम्ही घरी लिहिलीय. 2005 पासून फुकट मिळणाऱ्या फॅमिट्रॅकरवर गाणं बांधलं, आपल्या डब्यासाठी वेग 50 फ्रेमांवर ठेवला. भजनी ठेक्याच्या दर मात्रेला चार ओळी, दर ओळीला सहा फ्रेम, म्हणजे मिनिटाला 125 मात्रा. हीच फाइल 60 फ्रेमांच्या यंत्रावर 150 मात्रांनी पळाली असती. मग रिमोटच्या आठ बटणांना कामं वाटून दिली: एकानं ठेका बंद, एकानं खर्ज चालू, वर-खालीनं पुढची-मागची ओळ. पाचव्या आवाजात आज शेजारी उभ्या असलेल्या वादकाच्याच हलगीची थाप भरलीय.

बटण दाबा. आधी एकटा खर्ज येऊ द्या. आठ मात्रा झाल्या की खरखराटाची तडतड सोडा. हलगीवाला तुमच्याकडे बघतो, मान हलवतो आणि खऱ्या कातड्याची थाप टिपलेल्या थापेवर पडते. मग चौकोनी आवाजात मध्य सप्तकातली धून; तिचा पडसाद दुसऱ्या चौकोनी आवाजात, दोन ओळी मागून. आकाशपाळण्याच्या रांगेतली पोरं मान वळवतात. मंचापुढे उभ्या असलेल्या एका बापाला तो आवाज कुठून येतोय हे आधी ओळखू येतं. लेकराला खांद्यावर घेऊन तो पुढे सरकतो आणि टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवतो. हलगीवाला लय चढवतो. तुमचा डबा स्वतःहून लय बदलत नाही, म्हणून तुम्ही वेगाची ओळ वर सरकवता आणि त्याला गाठता. यंत्र माणसामागे धावतंय, आणि मिरवणुकीच्या संगीताला हेच साजेसं आहे.

आज

आता तुमचं खरं वय परत घ्या. तो दसरा अजून झालेला नाही. तो करायचा आहे. त्यासाठी नवा डबा विकत आणावा लागणार नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर, कपाटावर, पलंगाखालच्या पेटीत असा टीव्ही गेम पडलाय. तो किलोच्या भावानं जाण्याआधी खाली काढा. जवळचा अ‍ॅडॉप्टर मल्टिमीटरनं तपासल्याशिवाय त्याला लावू नका. गावात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा जुना मिस्त्री असेल, तर डबा त्याच्याकडे न्या आणि तो उघडत असताना शेजारी बसा. या मिस्त्री मंडळींकडचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. दुकानं मोबाइलच्या काचा बदलण्याकडे वळलीत. कंडेन्सरच्या वासावरून आजार ओळखणारी माणसं थोडी उरलीत. आयटीआयमध्ये, शाळेच्या विज्ञानखोलीत असा एक बोर्ड उघडा करून ठेवा, त्याच्या दोन पायांना स्पीकर जोडा आणि मुलांना हात लावू द्या. बेंजोला रस्ता मिळाला तो ज्यांनी त्याला उघडायचं धाडस केलं त्यांच्यामुळे. टीव्ही गेमला तो मिळेल तुमच्यामुळे, आणि त्यासाठी लागतात दोन कंडेन्सर, थोडं कथील आणि एक मोकळी दुपार.